साथीच्या सावलीतला कर्करोग

वैद्यकाच्या इतिहासात रोगांची चरित्रे बहुधा स्वतंत्रपणे लिहिली जातात. प्लेगाचे एक, देवीचे एक, क्षयाचे एक. ग्रंथरचनेच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी रोग्याच्या छातीत हे रोग अशा वेगवेगळ्या प्रकरणांत राहत नाहीत. खोकला, धाप, बारीक ताप, छातीतले दुखणे आणि कधी थुंकीतून पडणारे रक्त, ही लक्षणे थोड्याफार फरकाने साथीच्या तापात दिसतात, क्षयात दिसतात आणि फुप्फुसाच्या कर्करोगातही दिसतात. एरवी वैद्य त्यांतून निवड करीत बसतो. साथ आली म्हणजे मात्र ही निवड करण्याची सवयच सुटते. खोकणारा प्रत्येक माणूस साथीचा रोगी ठरतो, आणि ज्याच्या छातीत निराळेच काही वाढत असते त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या शंभर वर्षांत श्वसनमार्गाच्या दोन मोठ्या साथी जगाने पाहिल्या, १९१८ सालची आणि २०२० सालची. या दोहोंशी फुप्फुसाच्या कर्करोगाचा जो संबंध आला, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे. वरवर पाहता हे दोन विषय परके वाटतील, परंतु त्यांची गाठ पुष्कळ जुनी आहे.

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात मानमोडी हे नाव पडले, आणि ते नाव घराघरांतल्या वृद्धांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे होते. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या १० तारखेला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. तो हिवताप नव्हता. पावसाळ्यानंतर साथीची दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मरण पावली. साऱ्या हिंदुस्थानात या साथीने किती बळी घेतले याविषयी अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. एवढ्या प्रचंड संहारात कर्करोगासारख्या त्या काळी विरळ मानल्या जाणाऱ्या रोगाचा विचार कोण करणार? आणि तरीही, फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा पाया ज्या माणसाने घातला, त्याला छातीचे पहिले धडे मिळाले ते त्याच सुमाराच्या साथींत. त्याचे नाव एव्हार्ट्स ग्रॅहॅम.

१९१७-१८ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर आणि इन्फ्लुएन्झा यांच्या पाठोपाठ न्यूमोनिया पसरला होता. या न्यूमोनियात पुष्कळ सैनिकांच्या छातीत, म्हणजे फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधील पोकळीत, पू साठे. पू दिसला की त्याला वाट करून द्यावी, हा शल्यवैद्यांचा हिपॉक्रटीसच्या काळापासूनचा नियम. त्याप्रमाणे बरगडीजवळ छेद घेऊन छाती उघडली जाई, आणि रोगी वाचण्याऐवजी काही तासांत गुदमरे. अशा रोग्यांत मृत्यूचे प्रमाण सरासरी शेकडा ३० च्या घरात गेले. तेव्हा लष्कराने चौकशीसाठी एक मंडळ नेमले, आणि त्यात व्हर्जिनियातील कॅम्प ली येथे ग्रॅहॅम या तरुण वैद्याची नेमणूक झाली. रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांचा त्याने नेटाने अभ्यास केलेला होता, आणि तोच येथे उपयोगी पडला.

छाती म्हणजे दोन बंद खोल्या आणि त्यांच्यामध्ये एक भिंत, अशी तेव्हाची समजूत होती. एका खोलीची खिडकी उघडली तरी दुसरीतील कारभार चालू राहील, असे शल्यवैद्य धरून चालत. ग्रॅहॅम आणि त्याचा सहकारी बेल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, मधली ती भिंत नसून हालणारा पडदा आहे. एका बाजूने बाहेरची हवा आत शिरली की तिचा दाब दोन्ही फुप्फुसांवर पडतो. रोगाच्या सुरुवातीला पू पाण्यासारखा पातळ असतो आणि फुप्फुस कशालाही चिकटलेले नसते. अशा वेळी छाती उघडणे म्हणजे आधीच न्यूमोनियाने अर्धमेल्या झालेल्या माणसाचा उरलेला श्वास काढून घेणे. परंतु काही दिवस सुईने थोडा थोडा द्रव काढीत आणि रोग्याचे पोषण सांभाळीत वाट पाहिली, तर पू दाट होतो, फुप्फुस चिकटते, मधला पडदा स्थिर होतो. मग छेद घेतला तर धोका राहत नाही. ही पद्धत रूढ होताच मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. शल्यवैद्याला थांबावयास शिकविणारे हे संशोधन होते. मात्र हे थांबणे आंधळे नव्हते. छातीत काय चालले आहे हे ठाऊक असल्यामुळेच किती थांबावयाचे ते ठरविता येत होते.

या कामामुळे ग्रॅहॅम याचे नाव झाले आणि १९१९ साली सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शस्त्रक्रियाविभागाचे प्रमुखपद त्याला मिळाले. त्याच शहरात ५ एप्रिल १९३३ रोजी त्याने जेम्स गिलमोर या पिट्सबर्गच्या प्रसूतितज्ज्ञावर शस्त्रक्रिया केली. गिलमोर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. कित्येक महिने त्याला खोकला आणि मधूनमधून ताप येत होता. अखेर श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा तो कर्करोग निघाला. फुप्फुसाचा एक खंड काढावा या हेतूने छाती उघडली, पण गाठ मुख्य श्वासनलिकेच्या इतकी जवळ होती की ग्रॅहॅमने सबंध डावे फुप्फुस काढून टाकले. कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस एकाच बैठकीत काढून रोगी जगल्याचे हे पहिले उदाहरण. शस्त्रक्रियेपूर्वी गिलमोरने घरी जाऊन एकीकडे दात भरून घेतले आणि दुसरीकडे दफनासाठी जागाही विकत घेतली, अशी एक गोष्ट सांगतात. ती जागा त्याला तीस वर्षे लागली नाही. तो १९६३ पर्यंत जगला. जाता जाता सांगावयाचे तर, ज्या इन्फ्लुएन्झाच्या काळात ग्रॅहॅम घडला, त्या रोगाचा विषाणू माणसाच्या घशातून प्रथम वेगळा करण्यात लंडनच्या संशोधकांना यश आले ते याच १९३३ साली.

याच सुमारास एक कोडे वैद्यांना छळू लागले होते. आयझॅक ॲडलर याने १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा साऱ्या वाङ्मयातून त्याला जेमतेम ३७४ रोगी सापडले होते, आणि इतक्या दुर्मिळ रोगावर लिहितो म्हणून त्याला वाचकांपुढे समर्थन करावे लागले होते. पुढच्या वीस वर्षांत शवविच्छेदनगृहांत या रोगाची गर्दी झाली. कारण काय? कोणी डांबरी रस्त्यांना दोष दिला, कोणी मोटारींच्या धुराला, कोणी पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंना. आणि पुष्कळांनी बोट दाखविले ते १९१८ च्या साथीकडे. हा तर्क वेडगळ नव्हता. येल विद्यापीठाच्या विंटरनिट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० साली इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात भाजून निघालेल्या श्वासनलिकेचे अस्तर पुन्हा भरून येताना पेशी कशा बेसुमार वाढतात आणि आपले रूप कसे पालटतात, हे दाखविले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य कर्करोगाच्या आरंभासारखे दिसे. साथीने फुप्फुसावर वळ उठविले आणि त्या वळांतून दहावीस वर्षांनी कर्करोग उगवला, अशी ही उपपत्ती होती.

तिच्यात एक मोठा दोष होता. मानमोडीने स्त्री आणि पुरुष असा भेद केला नव्हता. कर्करोग मात्र मुख्यतः पुरुषांत वाढत होता. पुरुष करीत होते आणि त्या काळच्या बहुसंख्य स्त्रिया करीत नव्हत्या अशी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती, परंतु ती इतकी परिचयाची होती की तिचा संशय कोणाला येईना. खुद्द ग्रॅहॅम सिगारेट ओढीत असे. सिगारेटीचा खप आणि कर्करोग यांचे आलेख बरोबरीने चढतात असे कोणी म्हटले, तर तसे नायलॉनच्या मोज्यांचेही दाखविता येईल, असे तो थट्टेने म्हणे. अखेर एर्न्स्ट विंडर नावाच्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर त्याने रोग्यांची पद्धतशीर विचारपूस करण्यास संमती दिली. १९५० च्या मे महिन्यात ६८४ रोग्यांवर आधारलेला त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनचे डॉल आणि हिल यांनी आपले आकडे मांडले. त्यांच्या ६४९ पुरुष रोग्यांत कधीही धूम्रपान न केलेले अवघे दोन होते. साथीवरचा आरोप मागे पडला. ग्रॅहॅमने पुढे सिगारेट सोडली, परंतु उशीर झाला होता. ४ मार्च १९५७ रोजी दोन्ही फुप्फुसांच्या कर्करोगाने तो मरण पावला. त्याने वाचविलेला गिलमोर त्यानंतरही सहा वर्षे जगला.

आपल्याकडे या रोगावर सावली होती ती क्षयाची. क्षय इतका सर्वत्र की छातीच्या क्ष-किरणचित्रावर डाग दिसला म्हणजे आधी त्याचेच औषध सुरू व्हावयाचे. ही सवय अजूनही पुरती गेलेली नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचे अनेक रोगी विशेषज्ञापर्यंत पोहोचतात ते क्षयाच्या गोळ्या काही महिने खाऊन, आणि तोवर रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई शहरातील कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीच्या आधाराने पुढे सिद्ध झाले की विडी ही सिगारेटीहून निरुपद्रवी आहे, ही समजूत निराधार आहे. असो.

आता दुसऱ्या साथीकडे वळू. २०२० च्या जानेवारीत चीनमधील वूहान शहराच्या झोंगनान रुग्णालयात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या दोन वृद्धांवर शस्त्रक्रिया झाल्या. एक चौऱ्याऐंशी वर्षांची स्त्री, दुसरा त्र्याहत्तर वर्षांचा पुरुष. दोघांच्याही फुप्फुसाचा एकेक खंड काढण्यात आला. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना साथीचा संसर्ग झाला असल्याची कोणालाच कल्पना नव्हती. ती गोष्ट नंतर उघड झाली. स्त्री दगावली, पुरुष बरा झाला. मग तेथील विकृतिशास्त्रज्ञांनी काढलेले खंड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. कर्करोगाच्या गाठीभोवतीच्या ऊतकात त्यांना दिसला तो नव्या रोगाचा अगदी प्रारंभीचा अवतार: वायुकोशांत झिरपलेला द्रव, प्रथिनांचे साखळलेले गोळे, अस्तराच्या पेशींची वाढ. साथीने मेलेल्यांच्या शवांतून तिची अखेरची अवस्था दिसते. आरंभ दाखविला तो या दोन कर्करोग्यांनी. शंभर वर्षांपूर्वी साथीच्या रोग्यांनी कर्करोगाच्या शल्यवैद्याला शिकविले होते. यावेळी देणेघेणे उलट झाले.

विलायतेत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. तेथील आरोग्ययंत्रणेने २०१२ सालापासून लोकांच्या मनावर एक गोष्ट ठसविली होती: तीन आठवडे खोकला हटला नाही तर डॉक्टरकडे जा, तो फुप्फुसाचा कर्करोग असू शकेल. २०२० च्या १२ मार्चला त्याच लोकांना सांगण्यात आले की नवा, सतत येणारा खोकला असेल तर घरात बसा. दोन्ही उपदेश आपापल्या जागी योग्यच होते. परंतु सामान्य माणसाने आपला खोकला यांपैकी कोणत्या उपदेशाचा, हे कसे ओळखावे? तो घरातच बसला. संसर्गाचे भय होते, आणि डॉक्टरांवर आधीच भार आहे, त्यांना आपला त्रास कशाला, हा संकोचही होता. लंडनच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी केलेल्या गणितानुसार, निदानातील या विलंबामुळे पुढील पाच वर्षांत इंग्लंडात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत शेकडा पाचाच्या आसपास भर पडावयाची होती.

जे रुग्णालयात पोहोचले त्यांच्यापुढे निराळा पेच होता. युरोप-अमेरिकेतील वैद्यांनी छातीच्या कर्करोग्यांना ही साथ कशी भोवते याची नोंदवही ठेवण्यास २०२० च्या मार्चमध्ये आरंभ केला. तिच्यातील पहिल्या २०० रोग्यांपैकी १५२ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि ६६ जण मरण पावले. म्हणजे उपचारासाठी बोलवावे तर साथ गाठण्याचे भय, आणि न बोलवावे तर कर्करोग थांबावयास तयार नाही. ग्रॅहॅमपुढचा प्रश्न पुन्हा उभा राहिला: थांबावे की उघडावे? उत्तरही त्याच जातीचे निघाले. शल्यविशारदांच्या संघटनांनी प्रतवारी केली. क्ष-किरणांच्या संगणकीय चित्रावर धुरकट काचेसारखी दिसणारी, घट्ट भाग कमी असलेली गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. ती तीन महिने थांबू शकेल. बारीक पेशींचा कर्करोग काही आठवड्यांत दुप्पट होतो. त्याला एक दिवसही देता येणार नाही. किरणोपचाराच्या बैठका कमी करून प्रत्येक बैठकीतील मात्रा वाढवावी, म्हणजे रोग्याच्या फेऱ्या वाचतील, असेही ठरले.

कागदावर ही प्रतवारी निर्दोष होती. प्रत्यक्षात तिची एक अट होती, ती म्हणजे गाठ कोणत्या जातीची हे आधी कळले पाहिजे. ते कळण्यासाठी श्वासनलिकेत दुर्बीण घालावी लागते, आणि दुर्बीण घातली की रोगी खोकतो व विषाणू हवेत उडतात. म्हणून साथीच्या पहिल्या महिन्यांत सर्वांत आधी हात आखडता घेतला गेला तो याच तपासणीत. शिवाय धुरकट काचेसारखे चित्र ही नव्या रोगाचीही खूण होती. एकाच चित्राकडे पाहून साथ म्हणावे की कर्करोग, हे पुष्कळदा काही आठवड्यांनी दुसरे चित्र काढल्यावरच ठरे. साथीची छाया निवळते, कर्करोगाची तशीच राहते. मात्र या सोयीचा दुसराही भाग आहे. तापासाठी म्हणून छातीचे चित्र काढलेल्या काही रोग्यांत लक्षणे दिसण्यापूर्वीच्या लहान गाठी अनायासे सापडल्या. त्यांना साथ एका अर्थी लाभली, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू होती, ती अंतराची. येथील कर्करोगी दूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे रेल्वेने जातो. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, ईशान्येकडील राज्ये येथून माणसे मुंबईच्या परळ भागात उतरतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर रुग्णालयाजवळच्या पदपथावर बिऱ्हाड थाटून महिनेच्या महिने उपचार घेतात. २०२० च्या मार्चमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीचे नियम प्रसिद्ध केले. जुन्या रोग्यांना त्यांचा मोठाच आधार झाला. परंतु ज्याचे निदानच झालेले नाही, त्याच्या छातीतली गाठ दूरध्वनीवरून कशी कळावी?

राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ रुग्णालयांनी २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांची आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे आहेत. ते सावकाश वाचावयास हवेत. नव्या रोग्यांची नोंद १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे निम्म्याहूनही खाली. मोठ्या शस्त्रक्रिया शेकडा ४९ नी घटल्या, क्ष-किरणादी तपासण्या ४३ नी, ऊतकांच्या तपासण्या ३८ नी. किरणोपचार मात्र २३ नीच घटले. या उतरंडीत एक अर्थ आहे. जे रुग्णालयाच्या दाराच्या आत होते त्यांचे उपचार डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि तंत्रज्ञांनी शक्य तेवढे चालू ठेवले. सर्वांत मोठी घट झाली ती दाराशीच. त्याच वर्षी देशातील क्षयाच्या नव्या नोंदीही सुमारे २४ लाखांवरून १८ लाखांवर उतरल्या. क्षय काही एका वर्षात चतुर्थांशाने कमी झाला नव्हता. खोकणारी माणसे तपासणीला आली नव्हती. त्यांच्यातच फुप्फुसाचे कर्करोगीही असावयाचे, कारण आपल्याकडे त्या रोग्यांची वाट बहुधा क्षयाच्या दवाखान्यावरून जाते.

टाटा रुग्णालयाने शस्त्रक्रिया बंद केल्या नाहीत, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, जगातील अनेक रुग्णालये नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलीत असताना, तेथे कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. नंतर सहा रोग्यांत संसर्ग आढळला. शस्त्रक्रियेनंतर मृत्यू एकही झाला नाही. तेथील शल्यविशारदांनी हा अनुभव तत्काळ प्रसिद्ध केला आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया सरसकट थांबविण्याचे कारण नाही, असे बजावले. हे रोगी तुलनेने तरुण होते, निम्मे अठ्ठेचाळीसच्या आतले, आणि बहुतेकांची प्रकृती एरवी धडधाकट होती, हेही त्या वृत्तांतात प्रांजळपणे सांगितलेले आहे. फुप्फुसाचा कर्करोगी सामान्यतः याहून वयस्कर असतो आणि वर्षानुवर्षांच्या धुराने त्याचा श्वास आधीच उणावलेला असतो. तेव्हा हा दिलासा त्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

त्या ४१ रुग्णालयांच्या पाहणीत आणखी एक नोंद आहे. देशाच्या उत्तर-दक्षिण भागांत घटीचा फारसा फरक दिसला नाही, पण मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ती लहान शहरांतल्यापेक्षा अधिक होती. यंत्रे, विशेषज्ञ आणि खाटा मोठ्या शहरांत अधिक होत्या, आणि तेथील रोगी सर्वांत लांबून येणारे होते. १ जून २०२० पासून काही विशेष गाड्या पुन्हा धावू लागल्या. ज्या माणसाला मार्चमध्ये रक्ताची पहिली थुंकी पडली होती, त्याला तोपर्यंत अडीच महिने होऊन गेले होते.